पानगळीचं कपाट: जर्मनीत पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी सतरा कपड्यांचा हिशेब

दरवर्षी ऑगस्ट संपत आला की मला पुण्याहून, नागपूरहून, कोल्हापूरहून एकाच मजकुराचे निरोप येऊ लागतात. "ताई, ऑक्टोबरात म्युनिकला येतेय. जॅकेट इथूनच घेऊन येऊ का?" कुणाला मास्टर्सला प्रवेश मिळालेला असतो, कुणाची कंपनीने बदली केलेली असते, कुणी नवऱ्याच्या मागोमाग निघालेली असते. मुलगेही विचारतात, फक्त जरा उशिरा, बॅगा भरून झाल्यावर. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

पहिलं उत्तर म्हणजे जॅकेट आणू नका. मी आणलं होतं. फुगीर, जाडजूड, बॅगेच्या अर्ध्या जागेत मावेल न मावेल असं. सोबत दोन ॲक्रिलिकचे स्वेटर आणि आठ कुर्ते, प्रत्येकाची लेगिंग वेगळी आणि ओढणी वेगळी. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात कपाट गच्च भरलेलं होतं आणि सकाळी सात वाजता घालायला काही सापडत नव्हतं. जॅकेट यू-बानमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, घाम काढायचं आणि पावसात भिजायचं. ओढण्या कोटात कोंबाव्या लागायच्या. एक लेगिंग धुवायला टाकली की तिचा कुर्ता आपोआप बाद.

तेव्हा लक्षात आलं की अडचण कपड्यांच्या संख्येची नव्हती, मॅचिंगची होती. आपण जोड्या लावून कपडे घेतो. या साडीला हा ब्लाउज, या ड्रेसला ही ओढणी. तुळशीबागेत मॅचिंग ब्लाउजपीस शोधण्यात अख्खी दुपार जाते आणि तो आनंदही मोठा असतो. पण परदेशातल्या छोट्या खोलीत, दिवसात तीनदा बदलणाऱ्या हवेत ही जोड्यांची पद्धत चालत नाही. इथे प्रत्येक कपड्याचं बाकी सगळ्यांशी जमलं पाहिजे. याच विचाराला कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात. १९७० च्या दशकात लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी ही कल्पना रुजवली आणि १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या फॅशन डिझायनर डोना कॅरन यांनी एकमेकांत मिसळणाऱ्या सात कपड्यांचा संच काढून ती जगभर पोचवली. आपण मात्र सात नाही, सतरा कपडे घेणार आहोत, कारण आपल्याला पाऊस आणि थंडी दोन्ही सांभाळायची आहेत.

आधी हवा ओळखा

आपल्याकडे ऑक्टोबर म्हटलं की उकाडा. म्युनिक समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून जास्त उंचीवर आहे आणि आल्प्स जवळ आहेत. ऑक्टोबरात सकाळी साधारण ५–६ अंश आणि दुपारी १४–१५ अंश असतात. त्यातच कधी आल्प्सवरून फ्योन नावाचा उबदार वारा उतरतो आणि दुपारी लोक नुसत्या शर्टावर ईझार नदीच्या काठी बसलेले दिसतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि मग संध्याकाळी पाचच्या सुमाराला अंधार पडतो.

बस स्टॉपवर गारठा, गाडीत ऊब, वर्गात किंवा ऑफिसात हीटर, दुपारी ऊन आणि परतताना झिमझिम पाऊस, असा एकेक दिवस असतो. जर्मन लोकांनी यावर जो तोडगा काढला आहे त्याला ते कांद्याचं तत्त्व म्हणतात, त्यांच्या भाषेत त्स्वीबलप्रिन्त्सिप. कांद्यासारखे पापुद्रे: आत पातळ, मग लोकर, मग वारा-पाऊस अडवणारं काहीतरी. गरम झालं की एक पापुद्रा काढायचा. म्हणून शून्याखाली दहा अंशांसाठी शिवलेलं एकच जाड जॅकेट ऑक्टोबरात निरुपयोगी असतं. ते काढलं की खाली काही नाही आणि घातलं की जीव घुसमटतो.

युरोपियन स्टाइल म्हणजे नेमकं काय

तशी एकच एक स्टाइल नाही. पॅरिसमध्ये गडद निळं आणि पट्ट्यापट्ट्यांचं, मिलानमध्ये अंगाबरोबर बसणारी शिलाई आणि उत्तम चामडी बूट, ब्रिटनमध्ये ट्वीड हे जाडंभरडं लोकरी कापड, इथे म्युनिकच्या बव्हेरिया राज्यात लोडन. पण सगळीकडे सारख्या अशा दोन गोष्टी मला दिसतात. कपडा मुळात कामासाठी जन्मलेला असतो आणि रंग मोजके असतात.

ट्रेंच कोटच घ्या. थॉमस बर्बेरी यांनी १८७९ मध्ये गॅबर्डीन कापड काढलं. त्यात सूत विणण्याआधीच पाणी न धरणारं करून घेत आणि वीण इतकी घट्ट असे की पाऊस आत येत नसे, पण हवा खेळती राहायची. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी असे कोट घातले आणि खंदकावरून ट्रेंच हे नाव पडलं. खांद्यावरच्या पट्ट्या त्या काळच्या. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा ब्रतॉन टी-शर्ट म्हणजे फ्रेंच खलाशांचा गणवेश. १८५८ च्या सरकारी आदेशात पट्ट्यांची रुंदीसुद्धा ठरवून दिली होती: पांढरी २० मिलिमीटर, निळी १०. आणि लोडन म्हणजे आल्प्समधल्या मेंढपाळांचं कापड. लोकर विणून मग पाण्यात मळून आटवायची, म्हणजे ती इतकी दाट होते की थोडा वेळ पाऊस वरच्या वर ओघळून जातो. म्युनिकमधलं लोडन-फ्राय हे दुकान १८४२ पासूनचं आहे. तिथल्या किमती विद्यार्थ्याला झेपणाऱ्या नाहीत, पण एकदा आत जाऊन कापडाला हात लावून या. चांगली लोकर हाताला कशी लागते हे एकदा कळलं की पुढे कुठल्याही दुकानात फसायला होत नाही.

पहिली पायरी: निघण्याआधी

भारतातून हे जरूर आणा: सुती अंतर्वस्त्रं आणि बनियन भरपूर, थर्मलचे दोन जोड, साधे एकरंगी टी-शर्ट तीन, अंगाबरोबर शिवून घेतलेले दोन फिकट शर्ट, एक गडद जीन्स. मापाचे शर्ट आपल्या शिंप्याकडून शिवून आणणं हा मोठा फायदा आहे. इथे तेवढ्या पैशांत तसं काही मिळत नाही. एक उबदार शाल आणा. कुल्लूची असो, काश्मिरी असो किंवा आजीच्या पेटीतली असो, दिवसा ती गळ्याभोवती मफलर म्हणून चालते आणि रात्री गाडीत पांघरूण होते. सणासाठी एक साडी किंवा कुर्ता-पायजमा. बस.

जॅकेट, स्वेटर, बूट आणू नका. ती जागा मेतकूट, गोडा मसाला आणि छोट्या कुकरला द्या.

दुसरी पायरी: रंग ठरवा, मगच दुकानात जा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग कपाटात एकेकटे, कुणाशीच न जमणारे कपडे साठतात. चार रंग कागदावर लिहा. दोन मुख्य, एक फिकट, एक जिवंत.

मुख्य रंग कोट, पॅंट आणि बुटांसाठी. गडद निळा आणि राखाडी, किंवा गडद निळा आणि तपकिरी. काळाही चालतो, पण पानगळीत आभाळ राखाडी असतं आणि डोक्यापासून पायापर्यंत काळं घातलं की आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर मरगळ दिसते, असं माझं मत आहे. फिकट रंग शर्ट-टी-शर्टसाठी: मोतिया किंवा पांढरा. दुकानात जो मातकट बेज सगळीकडे टांगलेला असतो तो पॅंटीला घ्या, चेहऱ्याजवळ नको.

चौथा रंग खरा आपला. इथे आपल्याला निसर्गाचीच साथ आहे, कारण पानगळीत झाडांवर जे रंग येतात ते आपल्या कातडीवर फार खुलतात आणि त्या प्रत्येकाला आपल्याकडे नाव आहे. विटकरी, आमसुली, शेवाळी, हळदी, डाळिंबी, अंजिरी. यातला एकच निवडा आणि तो स्वेटर, मफलर, टोपी यांत फिरवत राहा. मी आमसुली घेतला. म्युनिकच्या इंग्लिश गार्डन या बागेतल्या झाडीत, राखाडी दिवशी, गडद निळ्या कोटाच्या गळ्यातून डोकावणारा आमसुली स्वेटर मला आजही प्रसन्न करतो.

पुढे कुठलीही वस्तू हातात घेतली की एकच प्रश्न विचारा. माझ्या तिन्ही पॅंटींवर हे चालेल का? दोनवरच चालत असेल तर परत ठेवा.

तिसरी पायरी: बाहेरून आत

आपण खरेदी आतून सुरू करतो, म्हणजे आधी टॉप, मग खाली काय, मग चप्पल. इथे उलटं करा. ऑक्टोबर ते मार्च लोक तुम्हाला कोटात आणि बुटांतच बघतात आणि तुमची तब्येतही त्या दोघांवरच टिकते. बजेटमधला निम्म्याहून जास्त पैसा या दोन गोष्टींना द्या आणि उरलेल्यात बाकीचं बसवा.

बाहेरचे कपडे दोन. पहिला पाऊस-वारा अडवणारा, अस्तराचा, मांडीपर्यंत येणारा: ट्रेंच किंवा टोपीचा पार्का. जर्मनीत अशा मधल्या हवेच्या जॅकेटला यूबरगांग्सयाके असा खास शब्दच आहे, आणि तो कानावर पडल्याशिवाय सप्टेंबर जात नाही. दुसरा लोकरीचा, गुडघ्यापर्यंतचा कोट, नोव्हेंबरपासून पुढे. कोट घालून बघताना आत जाड स्वेटर घालूनच बघा. दोन्ही हात पुढे करून स्वतःला मिठी मारा. पाठीत ताणला तर एक माप मोठा घ्या. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर आली पाहिजे, बाही मनगटाच्या हाडाशी. बाही लांब असली तर शिंपी कमी करतो, खांदा मात्र सहसा दुरुस्त होत नाही.

घरी आणल्यावर एक काम विसरू नका. नव्या कोटाच्या मागच्या चिरेवर दोऱ्याची फुली घातलेली असते. ती फक्त कोट दुकानात चुरगळू नये म्हणून असते. बारीक कात्रीने ती कापायची. काही वेळा खिसेही हलक्या टाक्यांनी बंद केलेले असतात, तेही उसवायचे, आणि बाहीवर बाहेरून कंपनीची पट्टी शिवलेली असेल तर तीही काढायची. नव्याने आलेली कितीतरी मुलंमुली ती फुली तशीच ठेवून हिवाळाभर फिरतात. चालताना कोट मागून ओढला जातो आणि का ते त्यांना कळत नाही. मी स्टेशनवर अनोळखी मराठी मुलीलाही थांबवून हे सांगितलेलं आहे.

बुटांचे जोड दोन. एक घोट्यापर्यंतचा चामडी बूट, रबरी जाड तळाचा. ब्रिटनमधून आलेले चेल्सी बूट, म्हणजे बाजूला इलॅस्टिक असलेले, घालायला-काढायला सोपे पडतात. इथे घराच्या दारातच बूट काढतात, त्यामुळे ही सोय महत्त्वाची आहे. तळ उलटा करून बघा. गुळगुळीत तळ ओल्या पानांवर हमखास घसरतो. फुटपाथवर भिजलेल्या पानांचा जो थर असतो तो शेवाळलेल्या घाटाच्या पायरीइतकाच निसरडा असतो. दुसरा जोड साधा चामडी स्नीकर, कोरड्या दिवसांसाठी. बूट घेताना लोकरी मोजा घालून बघा आणि संध्याकाळी बघा, कारण दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो. पहिल्यांदा घालण्याआधी पाणीरोधक स्प्रे बाहेर मोकळ्या हवेत मारा आणि रात्रभर वाळू द्या. पावसात भिजलेले बूट हीटरवर ठेवायचे नाहीत, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला.

मधला थर चार कपड्यांचा: एक पातळ मरिनो (मरिनो मेंढ्यांच्या मऊ लोकरीचा) स्वेटर, एक जाड विणीचा, एक पुढून बटणांचा कार्डिगन, एक ब्लेझर. मरिनोवर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषून घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. गर्दीच्या यू-बानमधून थंड रस्त्यावर येताना हा गुण किती कामाचा आहे ते पहिल्याच आठवड्यात कळतं. ॲक्रिलिक घाम कोंडतं आणि काखेत, कोपराशी गोळे धरतं.

आतले सहा: तीन साधे टी-शर्ट आणि दोन शर्ट तुम्ही घरून आणलेच आहेत, सहावा तो पट्ट्यापट्ट्यांचा पूर्ण बाह्यांचा.

खाली तीन: गडद जीन्स, एक लोकरी किंवा लोकर-मिश्र पॅंट, एक कॉर्डरॉय. कॉर्डरॉयच्या उभ्या रेघांत हवा अडकते, म्हणून ती जीन्सपेक्षा उबदार. जीन्स पावसात भिजली की तासन्‌तास गार राहते, त्यामुळे पावसाच्या दिवशी ती घालू नका. ज्यांना स्कर्ट आवडतो त्यांनी एका पॅंटीच्या जागी गुडघ्याखालचा लोकरी स्कर्ट आणि जाड टाइट्स घ्याव्यात. चालताना फार छान वाटतं.

झाले सतरा. सहा आतले गुणिले तीन खालचे, अठरा जोड. त्यावर मधल्या थरातले चार किंवा काहीच नाही, म्हणजे नव्वद. त्यातले तीस जरी मनासारखे जमले तरी महिनाभर रोज वेगळं. टोपी, हातमोजे, मफलर, छत्री आणि लोकरी मोजे मी यात मोजलेले नाहीत. हातमोजे मात्र ऑक्टोबरातच घेऊन ठेवा, सायकलवर सकाळी बोटं बधिर होतात.

मापं आणि लेबल

पुरुषांच्या कोट-ब्लेझरचं जर्मन माप म्हणजे छातीच्या सेंटिमीटरचा निम्मा आकडा. छाती १०० सेंटिमीटर असेल तर माप ५०. बायकांसाठी छातीतून १२ वजा करून निम्मे करायचे: ८८ ला ३८, ९२ ला ४०. फ्रेंच माप यापेक्षा दोनने मोठं आणि इटालियन सहाने, म्हणजे जर्मन ३८ हे फ्रेंच ४० आणि इटालियन ४४. ऑनलाइन फ्रेंच किंवा इटालियन कपडा मागवताना इथेच घोळ होतो.

आपल्यातल्या अनेकींना बाह्या आणि पॅंटी लांब होतात. त्यासाठी इथे छोट्या उंचीची वेगळी मापं असतात, हे मला तीन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. बायकांमध्ये ती नेहमीच्या मापाच्या निम्मी लिहितात: ३८ ची छोटी आवृत्ती १९, ४० ची २०. पुरुषांत ५० ची छोटी आवृत्ती २५. हँगरवर १९ दिसलं की लहान मुलांचं समजून पुढे जाऊ नका, ते तुमचंच आहे. तरीही लांब झालंच तर गल्लीगल्लीत कपडे दुरुस्त करणारी छोटी दुकानं असतात. पॅंटीचा घेर आणि लांबी तिथे करून मिळते. बूट घालून जा, नाहीतर लांबी चुकते.

आतल्या शिवणीवरचं लेबल वाचायची सवय लावा. युरोपात कापडात कोणता धागा किती टक्के आहे हे लिहिणं बंधनकारक आहे. शूअरवोले म्हणजे थेट मेंढीवरून कापलेली, आधी कशात न वापरलेली नवी लोकर, बाउमवोले म्हणजे कापूस, पोलिअक्रिल म्हणजे ॲक्रिलिक. कोटात लोकर सत्तर टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम. पुढे टांगलेल्या पाटीवर मोठ्या अक्षरात लोकर लिहिलेलं असतं आणि लेबलावर वीस टक्केच निघते, असं मी अनेकदा पाहिलं आहे. पाटी वाचू नका, लेबल वाचा.

कुठून घ्यावं

लोकरी कोट वापरलेला घ्या, असं मी ठामपणे सांगेन. आपल्याकडे दुसऱ्याने वापरलेला कपडा घालायला मन कचरतं, आईला फोनवर सांगताना अडखळायला होतं. इथे मात्र प्राध्यापकही वापरलेले कपडे घेतात आणि अभिमानाने सांगतात. ऑक्सफॅमची दुकानं आहेत, व्हिंटेड आणि क्लाइनआन्त्साइगन ही ॲप्स आहेत. नव्या मिश्र कापडाच्या कोटाला जे पैसे पडतात त्याच्या निम्म्यात वीस वर्षं जुना पण शंभर टक्के लोकरीचा कोट मिळतो. विकत घेताना उजेडात धरा आणि कापडातून टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसतात का बघा. ती कसरीची भोकं. काखेतलं अस्तर, खिशाच्या कडा आणि बटणं तपासा. बटण तुटलेलं असेल तर घाबरू नका, उलट किंमत कमी करून मागा. घरी आणल्यावर ड्रायक्लीन करा, मगच कपाटात ठेवा.

बूट, मोजे आणि थर्मल मात्र नवेच. पावसाळी जॅकेटला डेकॅथलॉन बरं पडतं. ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता परत करता येते, हा युरोपातला कायद्याचा हक्क आहे. दुकानातून घेतलेल्या वस्तूला असा हक्क नाही. तिथे नुसतं माप चुकलं म्हणून बदलून देणं त्या त्या दुकानाच्या मर्जीवर असतं. तेव्हा पैसे देण्याआधी विचारा आणि पावती जपून ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात, खरेदीचा बेत शनिवारी आखा.

सगळं पहिल्या आठवड्यात घेऊ नका. आल्या आल्या फक्त पावसाचं जॅकेट आणि बूट. मग दहा दिवस नुसतं बघा: बस स्टॉपवर, कॅंटीनमध्ये, ऑफिसात लोक काय घालतात. तुमच्या विभागात ब्लेझर कुणीच घालत नसेल तर त्याऐवजी दुसरा कार्डिगन घ्या. लोकरी कोट ऑक्टोबरच्या अखेरीला घेतला तरी चालतो.

फोडणी आणि लोकर

याबद्दल आपल्यात कुणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून मी बोलते. लोकर वास धरते. विद्यार्थ्यांच्या एका खोलीत शेगडी आणि कोटाची खुंटी यांत तीन पावलांचं अंतर असतं. मोहरी तडतडली, हिंग पडलं, लसूण लाल झाला की तो सुवास आपल्याला घरचा वाटतो, पण तो कोटात मुरून दुसऱ्या दिवशी गर्दीच्या गाडीत आपल्याबरोबर येतो. आपला स्वयंपाक सोडायचं काहीएक कारण नाही. कोटाला जागा बदलून द्या. स्वयंपाकाआधी कोट, ब्लेझर आणि स्वेटर कपाटात किंवा कापडी कव्हरमध्ये घालून दार बंद करा, खिडकी उघडा आणि मगच फोडणी द्या. वास लागलाच तर कोट रात्रभर बाल्कनीत, पावसाचा शिंतोडा लागणार नाही अशा जागी लटकवा. गार, किंचित दमट हवेत लोकर वास सोडून देते.

लोकर प्रत्येक वापरानंतर धुवायची नसते. घामाचा संबंध आतल्या टी-शर्टशी, तो रोज धुवा. स्वेटर खुर्चीवर रात्रभर मोकळा टाकला की पुन्हा ताजा होतो. धुवायची वेळ आली की मशीनचा लोकरीचा कार्यक्रम, ३० अंश किंवा त्याहून कमी, आणि लोकरीसाठीचा वेगळा साबण. पिळायचा नाही. जाड टॉवेलवर पसरायचा, टॉवेलसकट गुंडाळायचा, दाबून पाणी काढायचं आणि दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर आडवा वाळवायचा. दोरीवर टाकलात तर बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. कपाटात घडी करून ठेवा, हँगरला नको. कसर लागू नये म्हणून देवदाराचे तुकडे किंवा लॅव्हेंडरची पुरचुंडी.

दिवाळीचं काय

इथल्या मराठी मंडळांची दिवाळी म्हणजे भाड्याचा हॉल, आत ऊब आणि बाहेर गारठा. साडी नेसायचीच, त्यात तडजोड नको. परकराऐवजी थर्मल लेगिंग घाला आणि निऱ्या लेगिंगच्या इलॅस्टिकमध्ये नाही, वरून बांधलेल्या नाडीत खोचा, नाहीतर सुटतात. ब्लाउजऐवजी तो पातळ मरिनो स्वेटर, बंद गळ्याचा असेल तर उत्तम. पैठणीच्या काठाशी जुळणारा आमसुली किंवा शेवाळी असेल तर मुद्दाम शिवून घेतल्यासारखा शोभतो. वर गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट, खाली चेल्सी बूट. साडी घोट्याच्या जरा वर नेसा म्हणजे काठ ओल्या पानांत लोळणार नाही. चपला पिशवीत घ्या आणि हॉलच्या दारात बदला. मुलांनी कुर्त्याच्या आत थर्मल आणि वर ब्लेझर घालावा, जॅकेटपेक्षा तो फार रुबाबदार दिसतो.

कोट टांगायला हॉलच्या बाहेरच्या खोलीत दांडी असते. त्या रात्री तिथे एकसारखे दिसणारे पन्नास गडद निळे कोट लटकलेले असतात, तेव्हा आपल्या कोटाच्या बाहीत आपला रंगीत मफलर खोचून ठेवा.